लग्न ठरलेल्या मुलीच्या गालावरची लाली

जुलै १८१६ मध्ये इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने आपली वाग्दत्त वधू मारिया बिकनेल हिला समोर बसवून तिचं तैलचित्र काढलं. चित्र लहानसंच, साधारण ३० बाय २५ सेंटिमीटर. दोघांचं प्रेम सात वर्षांचं; पण मारियाचे आजोबा, ईस्ट बर्गहोल्ट गावचे धर्मगुरू, या कफल्लक चित्रकाराला नात द्यायला तयार नव्हते. मे महिन्यात कॉन्स्टेबलचे वडील वारले, वारशाचा हिस्सा हाती येणार हे नक्की झालं आणि घोडं पुढे सरकलं. २ ऑक्टोबरला लग्न लागलं. मधल्या दिवसांत, तिच्यापासून दूर असताना, त्याने तिला कळवलं की चित्र इतकं हुबेहूब आहे की उठून त्याच्याजवळ जावंसं वाटतं.

लग्न ठरल्यावर काढलेल्या चित्राचं काम हेच: माणूस जवळ नसताना त्याची जागा भरून काढणं. कॉन्स्टेबलला चित्र स्वतःलाच काढता आलं. बाकीचे नवरदेव लघुचित्र काढून घेत. ते लॉकेटात किंवा खिशातल्या डबीत मावे, आणि मागच्या बाजूला बहुधा केसांची एक बट जपलेली असे.

ही लघुचित्रं हस्तिदंताच्या पत्र्यावर जलरंगात काढत. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. हस्तिदंतावर पडलेला प्रकाश थोडा आत शिरतो, तिथे विखुरतो आणि मग बाहेर येतो. माणसाच्या कातडीतही नेमकं हेच घडतं. म्हणून हुशार चित्रकार चेहरा फारसा रंगवतच नसे. हस्तिदंत जवळपास उघडा ठेवून त्यावर रंगाचे पुसट फटकारे देई. कोणी तर पत्र्यामागे चांदीचा वर्ख लावून उजळपणा वाढवत.

खरी पंचाईत गालांची. हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधकाचं संयुग, लालभडक असतो. पण तो जड आणि अपारदर्शक, शिवाय उजेडात कधीकधी काळवंडतो. नाजूक लालीसाठी हवं कारमाइन. मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून ते मिळे. (आपला ‘किरमिजी’ आणि त्यांचं ‘कारमाइन’ मुळात एकाच अरबी शब्दाचे वंशज.) रंग देखणा, पण प्रकाशापुढे अगदी लेचापेचा. प्रकाशाची ऊर्जा, विशेषतः अतिनील किरणांची, त्याचा रेणू हळूहळू मोडते आणि रंग उडतो. तेलात रंगाचा थर जाड असतो, म्हणून तो जरा तग धरतो. जलरंगाच्या झिरझिरीत थरात लपायला जागाच नसते. तेलानेही दर वेळी वाचवलं असं नाही: अठराव्या शतकात इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सच्या चित्रांतले चेहरे त्याच्या हयातीतच पांढरेफटक पडू लागले होते.

त्यातल्या त्यात भरवशाचं म्हणजे मॅडर, आपल्या मंजिष्ठाच्या युरोपीय चुलतबहिणीच्या मुळांचा रंग. जॉर्ज फील्ड या इंग्रज रंगकर्त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅडरचे रंग सुधारले, आणि कोणता रंग किती टिकतो हे पाहायला नमुने उन्हात ठेवून नोंदी केल्या. आजची प्रयोगशाळा यंत्रं वापरते. मूळ कल्पना तीच.

त्यामुळे संग्रहालयात त्या काळच्या फिकुटलेल्या तरुणी पाहून ‘तेव्हा अशीच अशक्त नजाकत आवडत असे’ म्हणणाऱ्यांचं मला अर्धंच पटतं. फिकेपणाची आवड होती, हे खरं. पण काही गाल रंगवले तेव्हा गुलाबीच होते. उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं, म्हणून लघुचित्रांवर आता साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश पाडतात. भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो.

मूळ रंग कळायला एक जागा मात्र उरते. लघुचित्र चौकटीतून काढलं की काठाशी, चौकटीच्या ओठाखाली, उजेड न लागलेली बारीक पट्टी दिसते. तिथे शालीचा किंवा मागच्या पडद्याचा गुलाबी कधीकधी ताजा सापडतो. गाल मात्र चित्राच्या मधोमध असतो. कारण सगळ्यांनी पाहायचा तो चेहराच.