माळ्यावरचं बर्फाचं जॅकेट

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 42-43 ला जातो, इथं बर्फाच्या जॅकेटचं काय काम असं वाटेल, पण सोसायटीत विचारून बघा, कुणाच्या तरी माळ्यावर एखादं निघतंच. औलीला नाहीतर गुलमर्गला जायचं म्हणून घेतलेलं, पाच दिवस घातलं, मग पिशवीत बांधून वर टाकलं. मी औलीला स्कीइंग शिकायला जायचं ठरवलं तेव्हा असलंच एक शेजारच्या काकूंकडून अर्ध्याहून कमी पैशात घेतलं, आणि नवीन न घेता हेच घ्यावं असं का वाटतं ते सांगते.

या जॅकेटचं वरचं कापड नायलॉन किंवा पॉलिस्टरचं, म्हणजे मुळात खनिज तेलातनंच आलेलं. भारीतल्या जॅकेटात त्याच्या आत एक पातळ पडदा चिकटवलेला असतो, तो बऱ्याचदा पीटीएफईचा, आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. 1969 साली अमेरिकी संशोधक बॉब गोर यांनी तापवलेलं पीटीएफई झटक्यात ओढलं आणि ते ताणून त्यात अतिबारीक छिद्रं पडली, इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही पण घामाची वाफ बाहेर जाते. भारी गोष्ट आहे ही! पण हेच थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की नंतर वेगळे करणं फार अवघड. पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून त्याचं सूत काढून ब्लँकेटं करतात, आपली सुती चादर विरली की गोधडीत जाते, या जॅकेटचं तसं काही होत नाही. शिवाय पाणी झटकायला बऱ्याच जुन्या जॅकेटांवर फ्लोरिनवाली रसायनं मारलेली असतात, त्यातला कार्बन-फ्लोरिनचा बंध इतका घट्ट की निसर्गात तो तुटता तुटत नाही. म्हणून जे एकदा बनलंय ते फाटेपर्यंत वापरावं.

घेताना बाहीवर पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर उत्तम, कापडानं पाणी पिलं तरी लगेच नको म्हणू नका, कारण साबणाचा अंश राहिला की तो पाणी ओढतो. भरपूर पाण्यात खळबळून काढायचं, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नाही, आणि लेबलवर चालतं म्हटलं असेल तर हलकी इस्त्री, उष्णतेनं वरचा पाणी झटकणारा थर बऱ्याचदा परत कामाला लागतो. मग जॅकेट उलटं करून आतून बघा. शिवणीवरची पट्टी सुटलेली किंवा आतला थर चिकट होऊन पापुद्रे निघत असतील तर सोडून द्या, हा आतला थर बऱ्याचदा पॉलीयुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा असतो, ते ओलावा आणि उष्णतेनं कुजतं, त्याला दुरुस्ती नाही.

हेल्मेट मात्र सेकंडहँड नकोच. आतला फोम थर्माकोलच्या जातीचा, एकदा आपटला की दबतो तो दबलाच, आणि वरून काही कळत नाही. बुटांचंही जपून, जुनं प्लॅस्टिक थंडीत अचानक तडकतं. स्की जुन्या चालतात, पण पडल्यावर बूट सोडणारी बाइंडिंग तुमचं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी बघून जाणकाराकडून सेट करून घ्यायचीच, नाहीतर गुडघा जातो.

काकूंचं जॅकेट आता माझ्या कपाटात हँगरला आहे, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही आणि बंद प्लॅस्टिकमधे तर नाहीच. जानेवारीत भाची चाललीय, तिला बाह्या जरा लांब होतात, दुमडून घेईल.