जपानी डिजिटल पुस्तकं आणि एका 'वगैरे'ची भानगड

जपानवर अभ्यास करणारा कुणीही टोकियोतल्या संसदेच्या ग्रंथालयाच्या डिजिटल साठ्यावर पोचतोच, आणि तिथे एखादं 1955 चं पुस्तक उघडायला गेलं की बऱ्याचदा पानाऐवजी लॉगिन समोर येतं. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

ग्रंथालय 1948 चं, अमेरिकन ताब्याच्या काळात उभं राहिलेलं. त्याआधीचं फार सांगत बसत नाही, फक्त एवढंच की एदो काळातली (म्हणजे 1603 ते 1868 मधली) पुस्तकं ज्या वळणदार अक्षरात छापलीत ते आज बहुतेक जपान्यांनाच वाचता येत नाही, आपल्याकडे मोडीचं झालं तसंच, त्यामुळे ती स्कॅन होऊन सगळ्यांना खुली असली तरी उपयोग मोजक्यांनाच व्हायचा. 2021 मध्ये ते अक्षर ओळखणारं मोफत अ‍ॅप आलं, तेव्हा कुठे नवख्यांना वाट मिळाली.

खरी ओढाताण विसाव्या शतकातल्या पुस्तकांवरून झाली. 2009 मध्ये कायदा बदलला आणि जतन करण्यासाठी लेखकाला न विचारता स्कॅन करायची मुभा मिळाली. स्कॅन धडाधड झाले, पण बघायला त्याच इमारतीत जायचं! 2012 च्या दुरुस्तीने हे स्कॅन इतर ग्रंथालयांना पाठवता येतील असं ठरलं, सेवा जानेवारी 2014 ला सुरू झाली, आणि अट घातली 'झेप्पान-तो' या शब्दाची. झेप्पान म्हणजे छापणं बंद झालेलं पुस्तक, आणि 'तो' म्हणजे आपलं वगैरे. सगळा खेळ या वगैरेत आहे. त्याचा कायद्यातला अर्थ असा की झेप्पान किंवा तशाच कारणामुळे सामान्य माणसाला सहज मिळत नाही ते साहित्य, म्हणजे कधी विक्रीलाच न आलेला गावपातळीवरचा अहवालसुद्धा यात बसतो. उलट जुनं पुस्तक ई-बुक होऊन परत विक्रीला आलं की ते यातून बाहेर. आणि मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आणि व्यावसायिक मासिकं प्रकाशकांशी झालेल्या बोलण्यांत वगळली गेली, ती बाजारात मिळत नसली तरीही. प्रकाशकांची भीती मला समजते, पण युद्धानंतरचं सामान्य माणसाचं आयुष्य शोधायचं तर तीच मासिकं लागतात, इथे अभ्यासाचं मोठं नुकसान झालं असं मला ठाम वाटतं.

मग 2020 ला कोरोनात ग्रंथालयं बंद पडली, अभ्यासकांनी आवाज उठवला, 2021 मध्ये परत दुरुस्ती झाली आणि मे 2022 पासून घरबसल्या वाचायची सोय आली. पण खातं जपानमध्ये राहणाऱ्यालाच! परदेशातल्या ग्रंथालयांना 2019 पासून दार उघडलंय, मात्र आधी त्या ग्रंथालयाने अर्ज करून मंजुरी घ्यायची. पुण्यात जपानी शिकणारी एवढी मुलं आहेत, त्यातला कुणी घरून वाचायला बसला तर त्याला हे दार बंदच. डिसेंबर 2022 पासून सुमारे 24 लाख 70 हजार पुस्तकं-मासिकांच्या आतल्या मजकुरात शोधता येतं, म्हणजे हवा तो शब्द कुठल्या पुस्तकात आहे ते इथे बसून कळतं, पुस्तक मात्र उघडत नाही.

त्यात 2018 च्या शेवटी कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 50 ऐवजी 70 वर्षांचा झाला. 1967 पर्यंत वारलेल्यांची पुस्तकं मोकळी झाली होती, 1968 ला वारलेल्यांची आता 2039 उजाडल्यावर.