बंकरचा फटका बदलला तो क्लबच्या तळामुळे

गोल्फमध्ये चेंडू बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, गेला की नवख्या खेळाडूच्या पोटात गोळा येतो. तो घाईघाईने चेंडूच उचलायला जातो आणि तिथेच फसतो. आज शिकवणारे सांगतात, चेंडूला लागूच नका. त्याच्या दोनेक इंच मागे वाळूत क्लब (चेंडू मारायची काठी) उतरवा, वाळूच चेंडूला बाहेर घेऊन येईल. शंभर वर्षांपूर्वी हा सल्ला देऊन फारसा उपयोग झाला नसता, कारण त्यासाठी लागणारा क्लबच नव्हता.

मुळात बंकर कुणी मुद्दाम खोदले नव्हते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या रेताड माळावर मेंढ्या वाऱ्याला आडोसा शोधत बसायच्या, ससे बिळं करायचे, गवत झिजून वाळू उघडी पडायची. तिथल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावरचे बरेच खड्डे असेच तयार झाले, असं मानतात. त्या काळी वाळूत वापरायचा क्लब म्हणजे निब्लिक. त्याची खालची कड पातळ आणि धारदार. नांगराच्या फाळासारखी ती वाळूत शिरायची आणि तिथेच रुतायची. म्हणून बरेच खेळाडू वाळू टाळून चेंडूच नेमका टिपायला बघायचे. अर्धा इंच चुकलं तर चेंडू बंकरच्या समोरच्या भिंतीत किंवा ग्रीनपार, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवताच्या पट्ट्यापलीकडे.

यावर पहिला तोडगा ह्यूस्टनच्या एडविन मॅक्लेन यांनी काढला. १९२८ मध्ये त्यांनी खोलगट तोंडाच्या, जड तळाच्या वेजचं, म्हणजे चेंडू उंच उचलणाऱ्या क्लबचं, पेटंट घेतलं. १९३० च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत, इंग्लंडमधल्या हॉयलेकला, शेवटच्या फेरीत सोळाव्या होलवर (कोर्सच्या सोळाव्या टप्प्यावर) अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सने असाच क्लब वापरून चेंडू भोकाच्या अगदी जवळ नेला. पण खोलगट तोंडामुळे एकाच फटक्यात चेंडूला दोनदा लागायची शक्यता असे, आणि १९३१ मध्ये त्या क्लबवर बंदी आली.

मग आला जीन सारझेन. अमेरिकन ओपन आणि पीजीए या मोठ्या स्पर्धा जिंकलेला हा अमेरिकन खेळाडू वाळूत मात्र हमखास अडखळायचा. त्याने स्वतः सांगितलेली हकीकत अशी: उद्योगपती आणि वैमानिक हॉवर्ड ह्यूजबरोबर विमान चालवायला शिकताना, शेपटीकडची पट्टी हलली की विमानाचं नाक वर जातं, हे त्याने पाहिलं. फ्लोरिडातल्या घरी त्याने निब्लिकच्या तळाला शिशाचा डाग देऊन देऊन मागची बाजू फुगवली, घासली, वाळूत मारून पाहिली, पुन्हा डाग दिला. त्या फुगवट्यामुळे तळाची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आली. आता आधी वाळूला टेकायचा तो तळ. होडीसारखा तो वाळूवरून घसरायचा आणि वाळूची चवड चेंडूसकट उचलायचा. यालाच आज आपण बाउन्स म्हणतो. माझ्या मते गोल्फच्या साधनांत इतक्या साध्या हातकामातून इतका मोठा बदल दुसरा झालेला नाही.

१९३२ च्या ब्रिटिश ओपनला, इंग्लंडमधल्या सँडविच गावच्या प्रिन्सेस कोर्सवर, सारझेन हा क्लब लपवून वागवायचा. बंदी येईल ही धास्ती होतीच. त्याने २८३ फटक्यांत, पाच फटक्यांच्या फरकाने स्पर्धा जिंकली आणि त्याच जून महिन्यात अमेरिकन ओपनही घेतलं. त्या क्लबवर बंदी आली नाही. पुढे विल्सन कंपनीने आर-९० नावाने तसे क्लब बाजारात आणले.

तरी सगळी वाळू सारखी नसते. चेंडू हाफ-फ्रायमधल्या बलकासारखा वाळूत रुतला, की बाउन्स उलट नडतो. तळ घसरतो आणि चेंडू जागचा हलत नाही. तेव्हा क्लबचं तोंड मिटवून धार खाली घालावी लागते, म्हणजे पुन्हा निब्लिकचीच चाल. पावसाने भिजून घट्ट झालेल्या वाळूतही (आपल्याकडे जुलैत खेळणाऱ्यांना ही चांगली ठाऊक) जास्त बाउन्सचा क्लब आपटून उडतो आणि चेंडूच्या मध्यावर बसतो.

आणि उभ्या भिंतीपुढे तर कुठल्याच तळाचं फारसं चालत नाही. ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलचा रोड बंकर लहानसा, पण त्याची हिरवळीच्या थरांची भिंत जवळजवळ सरळ उभी. १९७८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये जपानच्या टॉमी नाकाजिमाचा पट (ग्रीनवर चेंडू जमिनीलगत ढकलणारा फटका) ग्रीनवरून घरंगळत त्यात गेला. बाहेर पडायला चार फटके लागले, होल नऊ फटक्यांत संपला. २००० च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या फेरीत डेव्हिड ड्युव्हलही तिथे चार फटके अडकला. त्याच्याबरोबर खेळणारा टायगर वुड्स त्या चार दिवसांत कोर्सवरच्या ११२ बंकरपैकी एकातही गेला नव्हता. त्याने ती स्पर्धा आठ फटक्यांनी जिंकली.