इंडिया पेल एल

फिकट माल्टपासून (मोड आणून वाळवलेल्या सातूपासून) तयार केलेली, वरच्या थरात काम करणाऱ्या यीस्टने आंबवलेली आणि हॉप या वेलीच्या कडू, सुगंधी फुलोऱ्याचा सढळ वापर केलेली बिअर. तिचा जन्म इंग्लंडमधला असून नावातला देश ही तिची मूळ बाजारपेठ होती. रंग सोनेरी ते तांबूस, मद्यार्क साधारणतः ५.५ ते ७.५ टक्के. ठसठशीत कडवटपणा, हॉपचा दरवळ आणि घोट गिळल्यावर जिभेवर उरणारा कोरडेपणा ही तिची लक्षणे होत. यांतले तिसरे लक्षण वर्णनांत सहसा मागे पडते. परंतु पुढचा घोट घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्यामुळेच.

उगम : प्रचलित कथेनुसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्वेकडील बो येथील बिअर-उत्पादक जॉर्ज हॉजसन यांनी भारताच्या प्रवासात टिकावी म्हणून मुद्दाम अधिक मद्यार्काची आणि अधिक हॉपची नवी बिअर शोधून काढली. १८६९ साली बर्टन या इंग्लंडमधील बिअर-उत्पादक गावाचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम मॉलिन्यू यांनी हॉजसन यांना या बिअरचे जनक ठरवले आणि नंतरच्या लेखकांनी ते फारशी छाननी न करता उचलले. ब्रिटिश बिअर-इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी या कथेतील बहुतेक दुवे तपासून नाकारले आहेत, आणि उपलब्ध पुरावा पाहता त्यांचेच मत अधिक ग्राह्य वाटते.

उष्ण प्रदेशात पाठवायच्या बिअरमध्ये जादा हॉप घालावे, हा सल्ला इंग्लंडमधील बिअर-उत्पादकांना १७६० च्या दशकातच दिला जात होता. तो हॉजसन यांचा शोध नव्हे. कलकत्त्याच्या वृत्तपत्रात पेल एलची जाहिरात १७८४ मध्ये आढळते, हॉजसन यांचे नाव मात्र १७९३ च्या सुमारास दिसू लागते. इतर बिअर प्रवासात नासत असत, हा समजही टिकत नाही, कारण काळसर रंगाची पोर्टर त्याच काळात मोठ्या प्रमाणावर भारतात येत होती आणि गोऱ्या शिपायांचे नेहमीचे पेय तीच होती. शिवाय भारतात येणारी पेल एल तत्कालीन मानाने फार कडक नव्हती. इंग्लंडमध्ये साठवणुकीसाठी केल्या जाणाऱ्या कित्येक बिअर तिच्याहून कडक असत.

तिचे मूळ बहुधा ‘ऑक्टोबर बिअर’मध्ये असावे. नवा माल्ट आणि ताजे हॉप हाती आल्यावर शरद ऋतूत करून ठेवलेली ही फिकट बिअर तळघरात वर्ष-दोन वर्षे मुरवली जाई. असा फिकट माल्ट शक्य झाला तो सतराव्या शतकात माल्ट वाळवण्यासाठी लाकडाऐवजी कोक (दगडी कोळसा भाजून केलेले, धूर न करणारे इंधन) वापरला जाऊ लागल्यामुळे. केप ऑफ गुड होपला वळसा घालून भारतात यायला जहाजांना चार ते सहा महिने लागत आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. पिंपांना बसणारे हेलकावे आणि चढउतार होणारे तापमान यांमुळे, एरवी तळघरात दोन वर्षांत होणारे मुरणे काही महिन्यांतच घडून येई. या मुरण्यामागे जे यीस्ट असे ते १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एन. एच. क्लाउसेन यांनी वेगळे केले आणि त्याला ब्रेटॅनोमायसिस हे नाव दिले. नेहमीच्या यीस्टने मागे ठेवलेल्या शर्कराही ते हळूहळू संपवते. वर उल्लेखिलेला कोरडेपणा त्या काळच्या पिंपांत मुख्यत्वे असाच येत असावा.

हॉजसन यांचे यश मग कशात होते? त्यांचा कारखाना ब्लॅकवॉलच्या गोदीपासून जवळ होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचे कप्तान तेथूनच निघत, त्यांना खाजगी व्यापाराची मुभा असे आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्षाच्या उधारीवर माल देत. जागा आणि उधारी या दोन गोष्टींनी भारतातील बाजार त्यांच्या हाती आला. नव्या पाककृतीचा त्यात फारसा वाटा दिसत नाही.

बर्टनचा प्रवेश : १८२० च्या सुमारास हॉजसन यांच्या वारसांनी उधारी आखडती घेतली, भाव चढवले आणि निर्यातही स्वतःच करू लागले. त्यामुळे कंपनीच्या वर्तुळात नाराजी पसरली. बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील उत्पादकांचा बाल्टिक व्यापार याच वेळी रशियाच्या जकातीमुळे बसला होता. कंपनीचे एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यांनी १८२२ च्या आसपास बर्टनचे उत्पादक सॅम्युएल ऑल्सप यांना हॉजसन यांच्या बिअरचा नमुना दाखवून तशी बिअर करण्यास सुचवले आणि ऑल्सप यांच्याकडील जॉब गुडहेड यांनी पहिला प्रयोग चहाच्या किटलीत केला, असे सांगतात. किटलीचा तपशील नंतर रंगवलेला असू शकेल. ऑल्सप आणि पाठोपाठ बर्टनचेच दुसरे उत्पादक बास यांनी पुढील दशकात हॉजसन यांना मागे टाकले, हे मात्र निश्चित.

या यशाचे श्रेय बर्टनच्या पाण्याला द्यावे लागते. तेथील विहिरींचे पाणी जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटाच्या) थरांतून झिरपते आणि त्यात सल्फेटाचे प्रमाण लंडनच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक असते. सल्फेटामुळे हॉपचा कडवटपणा नेमका आणि स्वच्छ लागतो, तो जिभेवर रेंगाळून तुरटपणाकडे झुकत नाही. पाण्यातील कॅल्शियममुळे बिअर निवळण्यासही मदत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कारणे कळल्यावर इतर ठिकाणचे उत्पादक आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. बासचा लाल त्रिकोण १८७६ मध्ये ब्रिटनमधील पहिले नोंदणीकृत व्यापारचिन्ह ठरला.

नाव : ‘भारतासाठी तयार केलेली पेल एल’ अशा लांबलचक वर्णनातून ‘ईस्ट इंडिया पेल एल’ हे नाव घडले. ते १८२९ च्या सिडनीतील एका जाहिरातीत आणि १८३५ मध्ये लिव्हरपूलच्या वृत्तपत्रात आढळते. १८२७ मध्ये भारताकडे निघालेले जहाज फुटले, त्यावरील पिंपे इंग्लंडातच विकली गेली आणि तेव्हापासून ही बिअर मायदेशी लोकप्रिय झाली, अशीही कथा आहे. तिच्यामागची खरी घटना जानेवारी १८३९ च्या वादळातली असावी, असे कॉर्नेल यांचे मत आहे. तसे असल्यास हे नाव त्याआधीच रूढ झाले होते.

भारतातील सेवन : ग्राहक प्रामुख्याने कंपनीचे मुलकी व लष्करी अधिकारी होते. बर्फ मिळण्यापूर्वी बिअर गार करण्याचे काम आबदाराकडे, म्हणजे पाणी व पेये सांभाळणाऱ्या नोकराकडे असे. पाण्यात सोरा विरघळताना उष्णता शोषली जाते. आबदार त्या पाण्यात बाटली बराच वेळ फिरवत बसे. १८३३ मध्ये अमेरिकेतून बर्फाचे पहिले जहाज कलकत्त्यास आले. पुढे हिमालयाच्या पायथ्याजवळ कसौली येथे एडवर्ड डायर यांनी बिअरचा कारखाना काढला आणि स्थानिक उत्पादन सुरू झाले.

चव व आस्वाद : हॉपच्या वेलीचा शंकूसारखा मादी फुलोरा बोटांनी उकलला, तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसते. ती चोळताच बोटे राळ लागल्यासारखी चिकट होतात आणि उग्र, सुगंधी वास सुटतो. हीच लुप्युलिन होय, आणि या बिअरची बहुतेक सारी लज्जत तिच्यात साठलेली आहे. तिच्यातील अल्फा आम्ले पाण्यात सहजी विरघळत नाहीत; माल्टच्या गोड काढ्यात तासभर उकळल्यावर त्यांचे रूपांतर विद्राव्य आणि कडू अशा आयसो-अल्फा आम्लांत होते. सुगंधी तेले मात्र त्याच उकळीत उडून जातात. म्हणून कडूपणासाठी हॉप आरंभी, तर वासासाठी अखेरीस घालतात, आणि काही हॉप आंबवण संपल्यावर थंड बिअरमध्ये कोरडेच सोडतात. निर्यातीच्या पिंपांतही असे कोरडे हॉप टाकण्याची चाल होती.

कडूपणा एकटाच असेल तर पेय कोणालाही नकोसे होईल. त्याच्या पाठीशी माल्टचा बिस्किटासारखा गोडवा आणि कार्बन डायऑक्साइडची चुणचुण लागते. आयसो-अल्फा आम्ले माल्टमधील प्रथिनांना धरून फेस घट्ट करतात. उत्तम बिअरचा पेला रिकामा होताना आतून जाळीदार वलये उमटत जातात ती त्यामुळेच. फार गार केल्यास वास दबतो, म्हणून ८ ते १२ अंश सेल्सिअस तापमान योग्य समजले जाते. आयसो-अल्फा आम्ले उजेडात विघटित होऊन अतिशय दुर्गंधी गंधकयुक्त संयुग तयार होते. तपकिरी बाटली त्यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी व पारदर्शक फार थोडे.

ऱ्हास व पुनरुज्जीवन : ब्रिटनमध्ये १८८० नंतर बिअरवरील कर काढ्याच्या घनतेवर बसू लागला आणि पहिल्या महायुद्धातील टंचाईने तिची ताकद आणखी उतरली. काही ठिकाणी इंडिया पेल एल हे नाव चार टक्क्यांच्या आतील सौम्य बिअरला चिकटून राहिले. खरे पुनरुज्जीवन अमेरिकेत झाले. ओरेगन येथे विकसित झालेला आणि १९७२ मध्ये प्रसृत झालेला कॅस्केड हा हॉपचा वाण ग्रेपफ्रूटसारख्या वासाचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर कारखान्याने १९७५ मध्ये ‘लिबर्टी एल’मध्ये तो मोकळ्या हाताने वापरला. इंग्लंडच्या ईस्ट केंट गोल्डिंग्ज या हॉपच्या वाणाचा मातकट, मधाळ वास ज्यांच्या परिचयाचा होता, त्यांना हा बदल धक्कादायक वाटला. पश्चिम किनाऱ्यावर स्वच्छ, कडक आणि कोरडी शैली रुजली. व्हरमाँट राज्यात एकविसाव्या शतकाच्या आरंभी ओट व गहू वापरून केलेली गढूळ, रसाळ आणि कमी कडू शैली पुढे आली. तिच्यातील सुगंध काही आठवड्यांतच ओसरू लागतो, त्यामुळे ती ताजी असतानाच प्यावी लागते.