मेडिकलमधली गोळी आणि कारखान्यातली पुडी

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका टपरीवर भाचा आणि त्याचे तीन मित्र कटिंग घेत बसले होते. चौघेही विशीतले. वहीचं एक पान फाडून त्यावर सहा नावं लिहिली आणि त्यांच्यापुढे सरकवली: दारू, तंबाखू, गांजा, एमडी, झोपेच्या गोळ्या, व्हाईटनर. म्हटलं, सगळ्यात घातक कोण ते ठरवून नंबर द्या.

एमडीला पहिला नंबर लगेच मिळाला. दुसरा व्हाईटनरला, तिसरा दारूला. गांजावरून जुंपली, कारण एकाच्या मते ते ‘झाड’ आहे, म्हणजे नैसर्गिक. शेवटी तो चौथा. (धोतराही झाडच, पण मी गप्प बसलो.) तंबाखू पाचवी. झोपेच्या गोळ्या सगळ्यात खाली. ‘मामा, ती औषधं आहेत ना! मेडिकलमध्ये मिळतात.’ हे सांगणारा मुलगा बोलता बोलता तळहातावर तंबाखू आणि चुना अंगठ्याने मळत होता.

चार पोरांच्या कागदाला सर्वेक्षण म्हणत नाहीत. तरी हा क्रम पाहून मला पॉल स्लोविक आठवला. या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 साली ‘सायन्स’मध्ये मांडलं की सामान्य माणूस धोका मोजताना मृत्यूंचे आकडे फारसे धरत नाही. तो दोन गोष्टी पाहतो: ऐकून धडकी किती भरते आणि गोष्ट अनोळखी किती आहे.

एमडी, म्हणजे मेफेड्रोन हे कारखान्यात रसायनांतून बनणारं नशेचं द्रव्य, या दोन्हीत बसतं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना पकडला. कारखाना, पोलीस आणि कोट्यवधींचा आकडा! त्याआधी हे नाव न ऐकलेल्या आजीबाईही मग ओट्यावर एमडीची चर्चा करू लागल्या. उलट दारूचं काय? शहराभोवती द्राक्षमळे, शनिवार-रविवारी वाईन चाखायला मुंबईच्या गाड्यांची रांग. सिंहस्थात साधूंच्या हातातली चिलीम आणि महाशिवरात्रीची भांग लहानपणापासून पाहिलेली. मिश्री तर आजीच्याच डबीत. जे घरात पाहिलं त्याची धडकी भरत नाही. महाराष्ट्रातल्या 15 वर्षांवरच्या लोकांत धूम्रपान करणारे 4 टक्क्यांहून कमी, पण धूर न काढता तंबाखू खाणारे-लावणारे सुमारे 24 टक्के, असं 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात दिसलं. सिगारेट ओढताना कोणी पाहिलं तर बोंब होते. बार भरताना कोणी पाहत नाही.

आता त्या शेवटच्या नंबराकडे, म्हणजे झोपेच्या गोळ्यांकडे येऊ, कारण माझं खरं भांडण तिथेच आहे. आपल्याच जिल्ह्यात मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळीला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. हे घबराटीच्या विकारावर डॉक्टर देतात ते औषध. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींचा आवेग आवरतं. अल्प्राझोलम या ब्रेकवर आणखी पाय देतं, म्हणून छातीतली धडधड बसते. दारूही याच ब्रेकवर पाय देते. दोन्ही एकत्र घेतली की मेंदूतलं श्वासाचं केंद्रही मंदावू शकतं, आणि झोपलेला माणूस उठत नाही. शिवाय रोज घेत राहिलं की मेंदू त्या जादा ब्रेकला सरावतो. मग एक दिवस गोळी अचानक बंद केली तर आवेग मोकाट सुटतो आणि झटके येऊ शकतात. म्हणून ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. पण पाकिटावर कंपनीचं नाव, मागे एक्स्पायरीची तारीख. असल्या चकचकीत पट्टीला कोण घाबरणार?

मग तज्ज्ञांचा क्रम बरोबर का? ब्रिटनमध्ये मेंदूवरच्या औषधांचे अभ्यासक डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी 2010 साली 20 पदार्थांना 16 निकषांवर गुण दिले. दारूला 100 पैकी 72, हेरॉईनला 55, तंबाखूला 26, गांजाला 20. हे आकडे समाजमाध्यमांवर फिरले आणि कित्येकांनी ‘बघा, गांजा सेफ’ असा अर्थ काढला. तो चूक आहे. दारूच्या 72 पैकी 46 गुण इतरांना होणाऱ्या नुकसानीचे होते, म्हणजे अपघात, मारहाण, उद्ध्वस्त घरं. पिणारेच इतके आहेत की बेरीज फुगते. फक्त घेणाऱ्याच्या शरीरा-मनाचं पाहिलं तर हेरॉईन दारूच्या पुढे जातं. त्या यादीत मेफेड्रोनला 13 गुण होते, पण तेव्हा ते ब्रिटनच्या बाजारातही नवंच होतं. एकूण काय, ‘सगळ्यात घातक कोण’ हा प्रश्नच अर्धवट आहे. किती, कशासोबत, कुठल्या पुडीतून, कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

वयाचा मुद्दा व्हाईटनरला चपखल लागतो. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय अहवालात व्हाईटनरसारखे हुंगायचे पदार्थ घेणाऱ्यांचं प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के आढळलं. दुकानात काही रुपयांत मिळतं, एवढं कारण पुरेसं आहे.

बरं, भीती घातली की पोरं थांबतात का? अमेरिकेत 1975 पासून दरवर्षी शाळेतल्या मुलांना विचारलं जातं, अमुक घेण्यात धोका किती वाटतो? 1980 च्या दशकात गांजाचा धोका जास्त वाटू लागला तसा वापर घटला. 1990 नंतर भीती ओसरली, वापर चढला. पण पुढे भीती खूप खाली आली तरी वापर त्या मापाने वाढला नाही, म्हणजे नातं सरळ नाही. शिवाय दोस्त मंडळी असतात. 2005 मध्ये गार्डनर आणि स्टाईनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी गाडी चालवण्याच्या एका संगणकीय खेळात दाखवलं की मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त जोखीम घेतात. मोठ्यांच्या बाबतीत असा फरक जवळपास दिसला नाही. टपरीवर बसलेल्या चौघांना हे सांगितल्यावर ते एकमेकांकडे बघून हसले.

कुत्ता गोळीचं ऐकून मात्र भाच्याने पेन मागितला. झोपेच्या गोळ्या त्याने खालून उचलून दुसऱ्या नंबरावर नेल्या, आणि खाली कंसात ‘दारूसोबत’ असं लिहिलं. तंबाखू एक घर घसरून सहावी झाली. तोवर तिच्यावर चुना चांगला मळून झाला होता.