फ्लिक्सबरोचा वीस इंची पाइप

रासायनिक कारखान्यात आज एखादी पाइपलाइन वळवायची तरी आधी एमओसी, म्हणजे मॅनेजमेंट ऑफ चेंजचा फॉर्म भरून मंजुरी घ्यावी लागते. ही पद्धत रुजली त्यामागे इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो इथल्या स्फोटाचा मोठा वाटा आहे.

नायप्रो कंपनी तिथे नायलॉनसाठी लागणारे कॅप्रोलॅक्टम बनवत असे. पायऱ्यांसारख्या उतरत्या रांगेत सहा रिअॅक्टर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणाऱ्या टाक्या. त्यांतून १५५ अंश तापलेले सायक्लोहेक्झेन हे ज्वलनशील द्रव दाबाखाली वाहायचे. २७ मार्च १९७४ ला पाचव्या रिअॅक्टरला तडा सापडला. त्याआधी गळती झाली असताना त्यावर नायट्रेट असलेले पाणी सोडले होते आणि त्या नायट्रेटने पोलाद तडकले, हे चौकशीत उघड झाले. म्हणजे तडा एका तात्पुरत्या उपायातूनच आलेला.

पाचवा काढून चौथा आणि सहावा बायपासने जोडायचे ठरले. तोंडे २८ इंचांची, हाताशी असलेला पाइप २० इंचांचा. दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे भात्यासारखे लवचिक जोड. रिअॅक्टरांची उंची वेगळी, म्हणून पाइपला दोन वाक द्यावे लागले. वर्क्स इंजिनीअरची जागा रिकामी होती. आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला. बेलोज उष्णतेने होणारे प्रसरण सामावून घेतात, बाजूने येणारा जोर त्यांना पेलत नाही. वाकड्या पाइपात आतल्या दाबाने नेमका तसाच जोर येतो. तो कोणी मोजलाच नाही. पाइप खालून नुसत्या परांचीवर टेकवला होता. चाचणी घेतली दर चौरस सेंटिमीटरला ९ किलो दाबाला. सेफ्टी व्हॉल्व उघडणार होता ११ ला, म्हणजे चाचणीपेक्षा जास्त दाब पाइपात येऊ शकत होता.

मला सर्वांत गंभीर वाटते ते वेगळेच. पाचवा का तडकला हे न शोधता, उरलेले पाच नीट न तपासता १ एप्रिलला प्लांट पुन्हा सुरू झाला. उत्पादन थांबू नये, एवढीच घाई.

१ जूनला, शनिवारी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी, बायपास तुटून बाहेर पडलेल्या सायक्लोहेक्झेनच्या वाफेच्या ढगाने पेट घेतला. २८ कामगार गेले, त्यांतले १८ कंट्रोल रूममधले. कामाचा दिवस असता तर बळी कितीतरी जास्त असते.

बदल केलेला भाग मूळ प्लांटच्याच दर्जाने आखावा आणि तपासावा, असे चौकशी समितीने बजावले. अमेरिकेने १९९२ मध्ये धोकादायक रसायनांच्या कारखान्यांना एमओसी कायद्याने बंधनकारक केली. हुबेहूब तसाच सुटा भाग बसवला तर तेवढी सूट. एरवी बदल किती काळासाठी आहे, हेही आधीच ठरवावे लागते.