दुष्परिणाम आधी, औषध नंतर

घरात कोणाची केमो सुरू झाली की थोड्याच दिवसांत 'काउंट', म्हणजे रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या, हा शब्द सगळ्यांच्या तोंडी बसतो. काउंट किती आला, पडला का, पुढचं सायकल, म्हणजे केमोची पुढची फेरी, वेळेवर होणार का. पांढऱ्या पेशी कमी होणं हा केमोचा सर्वांत जास्त धास्ती घालणारा दुष्परिणाम. पण इतिहासात तो औषधाच्या आधी आला. औषध त्यातूनच निघालं.

पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर मस्टर्ड वायू वापरला गेला. त्वचा आणि फुप्फुसं भाजल्याचं तर उघड दिसत होतं. पुढे १९१९ मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं की या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या आणि त्या जिथे तयार होतात ती हाडांतली अस्थिमज्जा रिकामी पडली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी यावरून सरळ तर्क केला: जे रसायन निरोगी पांढऱ्या पेशी मारतं, ते त्यांच्यापासून झालेल्या कॅन्सरलाही मारेल. ऑगस्ट १९४२ मध्ये लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्डचं, म्हणजे मस्टर्ड वायूच्याच जातकुळीतल्या रसायनाचं, पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. गाठी झपाट्याने वितळल्या. काउंटही कोसळला. आजार परत आला आणि त्याच वर्षअखेर तो रुग्ण गेला. युद्धामुळे हे सगळं १९४६ पर्यंत गुपित राहिलं. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरात मस्टर्ड भरलेल्या जहाजावर बॉम्ब पडले आणि केमो त्या घटनेतून जन्मली, असं पुष्कळदा सांगितलं जातं. पण येलमधलं इंजेक्शन त्याच्या सव्वा वर्ष आधीचं आहे.

पहिल्याच रुग्णात दिसलेली ही अडचण आजही तीच आहे. जुनी केमो कॅन्सरची पेशी ओळखत नाही, ती भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. अस्थिमज्जा, तोंडाचं व आतड्याचं अस्तर आणि केसांची मुळं, या सगळ्या पेशी तशाच. म्हणून संसर्ग, तोंड येणं, जुलाब, केस गळणं.

१९४७-४८ मध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांवर अमिनोप्टेरिन हे औषध वापरून आजार काही महिने मागे रेटला. पुढच्या दशकांत तीन-चार औषधं एकत्र देणं सुरू झालं. मुलं आजाराइतकीच रक्तस्रावाने आणि संसर्गाने दगावत होती. रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट चढवण्याची पद्धत बसल्यावरच जास्त डोस देणं शक्य झालं. औषधांच्या नावांपुढे ही गोष्ट झाकली जाते, याचं मला वाईट वाटतं.

सिस्प्लॅटिनची कहाणी तर याहून कठीण. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या औषधाने वृषणाचा पसरलेला कॅन्सर बरा होऊ लागला. पण मूत्रपिंडं निकामी होण्याचा धोका होता. भरपूर सलाईन देऊन तो आटोक्यात आणला गेला. उलट्या मात्र थांबेनात. दिवसभर उलट्या, इतक्या की काही रुग्ण उपचार अर्धवट सोडत, तर काहींना हॉस्पिटलचा नुसता वास आला तरी मळमळायचं. १९९१ मध्ये उलट्या रोखणारं ऑनडॅन्सेट्रॉन आलं आणि चित्र पालटलं. पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम इंजेक्शनही त्याच वर्षीचं.

दुष्परिणाम सांभाळता येतात म्हटल्यावर डोस वाढवण्याचा मोह झाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मज्जा पूर्ण नष्ट होईल इतकी केमो द्यायची आणि आधी काढून ठेवलेल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी परत चढवायच्या, असा उपचार हजारो स्त्रियांनी सोसला. १९९९ मध्ये मोठ्या चाचण्यांचे निकाल आले: आयुष्य वाढत नव्हतं. ज्या एका अभ्यासात मोठा फायदा दिसला होता, त्यातली माहिती २००० साली बनावट निघाली. या स्त्रियांनी भोगलेल्या त्रासाची भरपाई कशानेच होत नाही.

काही दुष्परिणाम उपचार संपल्यावर, कधी कित्येक वर्षांनी, वर येतात. डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाने हृदय कमकुवत होऊ शकतं, म्हणून त्याचा आयुष्यभराचा एकूण डोस मोजला जातो. वंध्यत्व येऊ शकतं. वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवायची तर ते बोलणं पहिल्या केमोच्या आधीच व्हायला हवं. विसरभोळेपणा आणि शब्द न सुचणं याला रुग्ण 'केमो ब्रेन' म्हणत होते, तेव्हा डॉक्टर बराच काळ ते थकव्यावर किंवा नैराश्यावर ढकलत राहिले.

आणि हातापायांच्या मुंग्या. सदाफुलीपासून काढलेलं विनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिनसारखी प्लॅटिनमची औषधं, सगळीच नसांना इजा करतात. ती टाळणारं खात्रीचं औषध आजही नाही. ड्युलॉक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाने काहींच्या वेदना थोड्या कमी होतात, एवढंच. डोस वेळेत कमी करणं हाच मुख्य उपाय आहे. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झालिप्लॅटिन थांबवल्यावरही काही महिने मुंग्या वाढत राहू शकतात. त्यामुळे शर्टाचं बटण लावताना बोटं अडखळू लागली, तर पुढचं सायकल सुरू होण्याआधी ते डॉक्टरांच्या कानावर घालावं.